इंजिन कामाला आले आहे, पण किती?

प्रश्न: माझी स्विफ्ट डिझायर डिझेल 2012 सालची असून तिचे 2,64,000 किलोमीटर झाले आहेत. मी साताऱ्याला राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनदा पुण्याला जातो. गेल्या वर्षभरात गाडी ऑइल खाऊ लागली आहे. साधारण 1,200 किलोमीटरमागे एक लिटर वरून घालावे लागते. सकाळी सुरू केल्यावर निळसर धूर येतो, आणि पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढताना मागून येणाऱ्यांनी लाइट मारून धुराकडे लक्ष वेधल्याचे दोनदा घडले आहे. पिकअप कमी झाल्यासारखा वाटतो, मायलेज मात्र फारसे उतरलेले नाही. कूलंट कमी होत नाही. तीन वर्षांपूर्वी शिरवळजवळ रेडिएटरचा पंखा बंद पडून इंजिन एकदा गरम झाले होते. एका मिस्त्रींनी 38,000 रुपयांत हाफ इंजिन (पिस्टनच्या रिंगा आणि हेडचे काम) करून देतो असे सांगितले, दुसऱ्यांनी फुल इंजिनाचे (पूर्ण उतरवून सर्व भागांचे काम) 85,000 रुपये सांगितले, आणि तिसरे म्हणाले की या भानगडीत न पडता मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जुने इंजिन आणून 60,000 रुपयांत बसवू. गाडीला आज अडीच लाखांच्या वर कोणी देत नाही. मी काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात लिहिलेली नाही, ती अशी की तिघांपैकी एकानेही अद्याप काहीच मोजलेले नाही. तिघेही अनुभवी असतील आणि तिघांचाही उपाय कोणत्या ना कोणत्या इंजिनाला लागू पडणारा आहे. पण आपल्या इंजिनाला कोणता लागू पडतो हे धूर पाहून आणि किलोमीटर ऐकून सांगता येत नाही. म्हणून आधी न उघडता करण्याच्या तपासण्या, मग हेड उतरवून मोजमाप आणि त्यानंतरच हाफ की फुल हा निर्णय, असा क्रम ठेवावा.

या इंजिनाविषयी दोन शब्द सांगतो, कारण निर्णयाला ते उपयोगी आहेत. हे मूळचे फियाटचे 1,248 सी.सी.चे मल्टिजेट. मारुतीसाठी ते मानेसरला तयार होत असे आणि हेच इंजिन फियाट व टाटाच्या गाड्यांसाठी आपल्या रांजणगावलाही बनत असे. त्यामुळे पुणे-सातारा पट्ट्यातील बहुतेक लेथवाल्यांच्या हाताखालून ते गेलेले असते आणि सुट्या भागांची अडचण येत नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, आणि व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणाऱ्या टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे. सिलिंडरचा मूळ व्यास 69.6 मि.मी. आहे आणि वेगळा लायनर नाही, म्हणजे पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्येच (सिलिंडरच्या भोकातच) फिरतो.

आता ऑइल जाते कुठे ते पाहू. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की ऑइल जळते हे खरे, पण टर्बोच्या (इंजिनात जोराने हवा भरणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टमागचे सील गेले तरी जळते, व्हॉल्व्हचे सील कडक झाले तरी जळते, आणि ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर नेणारी, नळी चोंदली की क्रँककेसमधला दाब ऑइलला वाटेल तिथून बाहेर ढकलतो. सकाळचा धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलचा असतो, कारण रात्रभर ऑइल गाइडमधून झिरपून खाली साचते. घाट चढताना, म्हणजे इंजिनावर भार असताना येणारा धूर मात्र रिंगांकडे किंवा टर्बोकडे बोट दाखवतो. आपल्याकडे दोन्ही प्रकारचा धूर आहे. म्हणून मी आधी टर्बो तपासून घेईन. टर्बोला जाणारी हवेची नळी काढली की चाक बोटाने हलवता येते. ते बाजूला किंचित हलणे चालते, पण टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासता कामा नये, आणि पुढे-मागे तर जवळजवळ हलूच नये. इंटरकूलरच्या खालच्या नळीत ऑइलचा पातळ थर असणे नेहमीचेच आहे; वाटीभर ऑइल निघाले तर तो वेगळा विषय. ही तपासणी तासाभराची आहे, आणि टर्बोच दोषी निघाला तर हाफ, फुल, कुर्ला हा सगळा वादच संपतो.

दुसरी तपासणी इंजिन गरम आणि सुरू असताना ऑइल भरायचे झाकण काढून करायची. थोडी वाफ सगळ्याच जुन्या डिझेलमध्ये दिसते, पण झाकण नुसते टेकवून ठेवले असता ते उडू लागत असेल किंवा इंजिनाच्या ठेक्यात भकभक धूर येत असेल, तर पिस्टनच्या बाजूने वायू खाली उतरत आहे.

तिसरी तपासणी कम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याची, आणि तिच्यात दोन सावधगिऱ्या आहेत. एक म्हणजे गेज बसवण्यासाठी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापणारे प्लग) काढावे लागतात. ते अडीच लाख किलोमीटरनंतर हेडमध्ये रुतलेले असतात आणि थंड इंजिनात जोर लावला तर तुटतात. इंजिन गरम असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल घालून, हळूच काढायला सांगा. दुसरी म्हणजे पेट्रोलच्या गाडीत करतात तसे सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजण्याचा प्रयोग डिझेलमध्ये करू देऊ नका. डिझेलची ज्वलनाची जागा इतकी लहान असते की त्या ऑइलनेच आकडा वाढतो आणि रिंगांबद्दल काहीच कळत नाही. शिवाय जास्त ऑइल पडले तर पिस्टन त्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्या. चारही सारखेच थोडे कमी असतील तर ती वयाची झीज आहे, आणि एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर तिथे व्हॉल्व्ह, गास्केट किंवा तुटलेली रिंग यांपैकी काहीतरी आहे.

टर्बो ठीक निघाला आणि झाकणाखालून वायू येत असेल, तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. हेड उतरले की आपण स्वतः गॅरेजमध्ये हजर राहा. सिलिंडरच्या वरच्या कडेपासून बोटाचे नख खाली सरकवत न्या. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे नख अडकेल अशी धार लागली, तर तिच्या खालचा भाग झिजला आहे असे समजावे. झीज तिथेच सर्वाधिक असते, कारण त्या टोकाला ज्वलनाचा दाब सर्वांत जास्त आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो. पण नख म्हणजे मोजमाप नव्हे. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन काटकोनी दिशांनी, असा बोअर गेजने मोजला की चार सिलिंडरांचे मिळून चोवीस आकडे होतात. हे चोवीस आकडे कागदावर लिहून मागा. वर आणि खाली यांतील फरक म्हणजे टेपर, आणि दोन दिशांमधला फरक म्हणजे बोअर किती अंडाकार झाला ते. नेमकी मर्यादा कंपनीच्या नियमावलीतूनच घ्यावी, पण अशा लहान इंजिनांत हा फरक 0.05 मि.मी.च्या पुढे गेला की नुसत्या रिंगा बदलून सहसा भागत नाही.

गॅरेजमध्ये बोअर गेज नसेल, आणि पुष्कळ ठिकाणी तो नसतो, तर एक जुनी युक्ती आहे. नवी रिंग नुसतीच बोअरमध्ये घालून पिस्टन उलटा धरून सरळ खाली दाबावी आणि तिच्या तोंडातली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. एकदा वरच्या झिजलेल्या भागात, एकदा अगदी तळाशी, जिथे रिंग पोहोचतच नाही. दोन्ही फटींतील फरकाला 3.14 ने भागले की व्यासातील झीज मिळते. वर फट 0.55 आणि खाली 0.24 मि.मी. निघाली, तर फरक 0.31 म्हणजे व्यास जवळजवळ 0.10 मि.मी.ने वाढला आहे, आणि त्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसे धुरात घालणे.

इथे हाफ इंजिनाचा प्रश्न सुटतो. बोअर मर्यादेत असेल तर हाफ इंजिन हा पूर्णपणे प्रामाणिक उपाय आहे: नव्या रिंगा, होनिंग (बोअरवर दगडाने बारीक रेघा ओढणे), बिग एंडचे मेटल (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडला जातो तिथले बेअरिंग), व्हॉल्व्ह सील, सीट आणि व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणे). बोअर मर्यादेबाहेर असेल तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा बोअरमध्ये नवी नळी म्हणजे स्लीव्ह यांपैकी एक करावे लागते, त्यासाठी ब्लॉक लेथवर जातो, म्हणजे इंजिन खाली उतरतेच. एवढे उतरल्यावर क्रँक न मोजता पुन्हा बांधणे हा शहाणपणा नव्हे. दोहोंच्या मधला, 38,000 रुपयांतला जो प्रकार सर्रास चालतो तो मात्र मला अजिबात पटत नाही: इंजिन गाडीतच ठेवायचे, सम्प (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) खोलून पिस्टन वर काढायचे, क्रँक जागेवर असतानाच बोअरमध्ये होनिंगचे दगड फिरवायचे आणि डिझेलने पुसून नव्या रिंगा घालायच्या. दगडाची भुकटी खाली क्रँकवर पडते आणि पुढची कित्येक हजार किलोमीटर मेटल घासत राहते. माझ्या स्वतःच्या एका जुन्या गाडीचे असे काम झाले होते. धूर थांबला, आणि दहा महिन्यांत बिग एंड वाजू लागले. होनिंग केलेला ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनीच धुवावा लागतो, कारण डिझेल किंवा रॉकेल तेलकटपणा काढते, भुकटी बोअरच्या रेघांतच ठेवते. धुऊन झाल्यावर ऑइल लावलेला पांढरा कपडा बोअरमध्ये फिरवून पाहावा. तो राखाडी झाला तर पुन्हा धुवावे, आणि पांढरा राहीपर्यंत धुवावे.

ओव्हरसाइज करायचे ठरले तर एक नियम कटाक्षाने पाळावा: पिस्टन आधी हातात आले पाहिजेत, बोअर नंतर मारायचा. लेथवाला पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करतो. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबून नव्हे.

हाफ असो वा फुल, आपल्या गाडीत पुढील कामे त्यातच धरावीत. टायमिंग चेन, टेन्शनर आणि गाइड यांचा पूर्ण संच बदलावा. या इंजिनाची चेन ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते, आणि ज्या गाडीत वर्षभर ऑइलची पातळी वर-खाली झाली आहे तिच्यातली जुनी चेन मी परत बसवू देणार नाही. ती दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात. पूर्वी एकदा इंजिन गरम झालेले असल्यामुळे हेडची पातळी सरळ पट्टी आणि फिलरने तपासावी. हेडचे बोल्ट नवेच घ्यावेत, कारण ते ठरावीक टॉर्कनंतर अंशांत फिरवून ताणले जातात आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसाच धरील याची खात्री नसते. ऑइल पंप मोजावा. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी साफ करण्यापेक्षा बदलावी. सम्प बसवताना सीलंटचा लोंदा आतल्या बाजूने बाहेर आलेला नाही ना, हे आपण स्वतः पाहा, कारण तो वाळून तुटतो आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. एक लाखाची कामे अशा चिमूटभर सीलंटने वाया गेलेली आहेत.

कुर्ल्याच्या इंजिनाचे काय? ब्लॉकला तडा गेला असेल किंवा रॉड तुटून ब्लॉकबाहेर आला असेल तेव्हा तो मार्ग मी नाकारणार नाही. आपले इंजिन तसे नाही. तिथून आलेले इंजिन किती चालले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, ते सुरू करून दाखवले जातेच असे नाही, आणि चेनचा संच त्यालाही नवा घालावाच लागतो. शिवाय इंजिन क्रमांक बदलतो. तो आर.सी.वर आणि विम्यात नोंदवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी इंजिन कोठून आले याचे बिल हवे. चिठ्ठीवर लिहिलेल्या हिशेबाला आर.टी.ओ.त बिल म्हणत नाहीत. माझ्या लेखी हा तीन पर्यायांतला शेवटचा.

एक चौथा पर्यायही आहे, जो कोणत्याही गॅरेजमध्ये सुचवला जात नाही: सध्या काहीच न करणे. आपले वर्षाचे फिरणे बावीस हजार किलोमीटरच्या आसपास दिसते, म्हणजे अठरा लिटर ऑइल. लिटरला 450 रुपये धरले तरी वर्षाला आठ-साडेआठ हजार होतात. गाडीची नोंदणी 2027 मध्ये पंधरा वर्षांची होईल, त्या वेळी फेरतपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे आहेच. त्यानंतर गाडी ठेवायचीच नसेल, तर टर्बो तपासून, चेनचा संच बदलून, दर रविवारी डिपस्टिक पाहत तोवर चालवणे हा हिशेबाने अगदी योग्य निर्णय आहे. मात्र दोन अटी आहेत. पी.यू.सी. प्रामाणिकपणे मिळत असले पाहिजे, आणि धूर एकदम वाढला तर थांबले पाहिजे. टर्बोतून किंवा ब्रीदरमधून ऑइलचा लोट आत गेला तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू लागते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. तसे कधी झाले तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते बंद पाडावे.

गाडी 2027 नंतरही पाच वर्षे ठेवायची असेल, तर माझे मत स्पष्ट आहे. मापे घ्या, आणि बोअर मर्यादेबाहेर निघाला तर 85,000 रुपयांचे पूर्ण काम करा. गाडीची बाजारातली किंमत अडीच लाख आहे हा त्याविरुद्धचा मुद्दा होऊ शकत नाही, कारण तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी घेतली तर तिच्या इंजिनाची स्थिती आपल्याला याहून कमी माहीत असेल. फक्त मिस्त्रींशी आधीच असे ठरवा: हेड उतरवून मोजण्याची मजुरी वेगळी, आकडे पाहून पुढचे काम, काढलेले सर्व भाग आपल्याला परत. ज्याला हे मान्य नाही त्याचा दर कमी असला तरी तिथे गाडी देऊ नये.

इंजिन बांधून आल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवा, एवढेच सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. फार जपून, जागेवर तासभर सुरू ठेवून किंवा सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालवलेल्या इंजिनाच्या रिंगा बसतच नाहीत, आणि बोअर गुळगुळीत होऊन ऑइल खाणे कायम राहते. रिंगा बसायला मध्यम भार आणि बदलता वेग लागतो. जास्त आर.पी.एम.ला नेऊ नका, वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू देऊ नका, पण चढ टाळू नका. पहिले ऑइल आणि फिल्टर 500 ते 1,000 किलोमीटरलाच बदला. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहिल्यात तर आत काय चालले आहे हे आपल्यालाही दिसेल.

प्रश्न: माझ्या वॅगन आर सी.एन.जी.चे 1,70,000 किलोमीटर झाले आहेत. ऑइल कमी होत नाही, धूरही नाही, पण इंजिन आयडलिंगला थरथरते आणि सकाळी सुरू व्हायला त्रास देते. प्लग आणि कॉइल बदलून झाले. तीन सिलिंडरांचे कम्प्रेशन 180, 175 आणि 95 असे आले; ऑइल टाकून मोजले तरी तिसऱ्याचा आकडा तसाच राहिला. गॅरेजमध्ये फुल इंजिन सांगितले आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फुल इंजिन करू नका. आपण सर्व तपासण्या केलेल्याच आहेत आणि उत्तर त्यांतच आहे. आपले इंजिन डिझेल नसल्यामुळे ऑइल टाकून मोजण्याचा प्रयोग इथे ग्राह्य आहे. ऑइलने आकडा वाढला नाही, म्हणजे गळती रिंगांतून नाही. ऑइलही खर्च होत नाही. दोष तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे, बहुधा एक्झॉस्टच्या. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलसारखा थंडावा व्हॉल्व्हला मिळत नाही, सीट हळूहळू खाली झिजते आणि क्लिअरन्स (व्हॉल्व्ह मिटल्यावर त्याच्या टोकाशी उरणारी बारीक फट) संपत जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. बाकीच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या बरोबरीचे असल्यामुळे हेड गास्केटची शक्यता कमी वाटते, तरी हेड उतरल्यावर ते पाहावेच. आधी टॅपेट कव्हर काढून क्लिअरन्स मोजायला सांगा. ती संपलेली असेल आणि व्हॉल्व्हची कड अजून जळलेली नसेल, तर नुसते ॲडजस्टमेंट पुरेल. नाहीतर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्हचे काम करावे. पिस्टनला हात लावण्याचे कारण नाही. पुढे दर 40,000 किलोमीटरला क्लिअरन्स तपासून घेत जा.

प्रश्न: 2010 सालच्या इनोव्हा डिझेलचे 3,80,000 किलोमीटर झाले आहेत. ऑइल, धूर, पिकअप यांपैकी कशाचीच तक्रार नाही. पुढच्या महिन्यात कुटुंबासह लांबच्या प्रवासाला निघायचे आहे. खबरदारी म्हणून इंजिन करून घ्यावे का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर: मुळीच नाही. चालते इंजिन उघडल्याने ते नवे होत नाही. फक्त कारखान्यात बांधलेले इंजिन जाऊन गॅरेजमध्ये बांधलेले येते. या गाडीत आपण तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद सापडत नसेल तर तो पुलीसह बदला, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर तपासून घ्या. या मालिकेतल्या टोयोटा डिझेलमध्ये तिथून गळणारा वायू काजळी ऑइलमध्ये मिसळवतो आणि ती जाऊन सम्पमधल्या जाळीवर साचते. त्यामुळे एकदा सम्प उतरवून ती जाळी पाहावी. ती स्वच्छ निघाली तर सम्प नीट बंद करून निर्धास्त निघा, आणि डिकीत एक लिटर ऑइल ठेवा.